बोर्डोच्या मुलखातून

मेदॉक, सप्टेंबरअखेर

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तू द्राक्षाच्या फळछाटणीच्या घाईत असशील, पण इथं तुझी फार आठवण झाली. फ्रान्समधल्या बोर्डो शहराच्या उत्तरेला मेदॉकमध्ये फिरतोय. एका अंगाला जिरोंदचं गढूळ, रुंद पात्र आणि दुसरीकडं नजर पोचेल तिथवर द्राक्षं. मांडव मात्र औषधालाही नाही. कमरेएवढ्या वेली तारेला बांधलेल्या, पुष्कळ बागांत हेक्टरी 10,000! तू म्हणाला असतास, ही बाग आहे का तूर पेरलीय?

जमीन म्हणजे नुसत्या गारगोट्या. पाणी धरत नाही, म्हणून मुळं खोल जातात. कॅबर्ने सोव्हिन्याँ हा उशिरा पिकणारा वाण, त्याला असली उबदार जमीन मानवते. मणी बारीक, साल जाड. आपल्यासारखं जीए, म्हणजे वाढीचं संजीवक, देऊन फुगवायची भानगडच नाही.

आता खास बातमी. तू फवारतोस ते बोर्डो मिश्रण इथल्याच सेंट ज्युलिएन गावचं! 1882 च्या ऑक्टोबरात मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक द्युक्रू-बोकायूच्या बागेजवळून चालले होते. डावण्या रोगानं सगळीकडं पानगळ झालेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या. चौकशी केली, तर येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून मालकाच्या माणसांनी तिथं मोरचूद आणि चुना शिंपडलेला. निळी पानं बघून चोरानं भ्यावं म्हणून. मिलार्दे प्रयोगाला लागले आणि 1885 साली मिश्रण जाहीर केलं. आबांना सांग, डावण्यावरचं औषध चोरांमुळं सापडलं. पुढच्या वेळी शिव्या घालताना जरा हात आखडता घ्या म्हणावं.

वाइन चाखायची तऱ्हा वेगळीच. घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. पैसे मोजून थुंकायचं माझ्या जिवावर आलं, दोन-तीन सरळ गिळले. आधी 225 लिटरच्या ओकच्या पिंपातली, मुरायची राहिलेली दिली. हिरड्या आवळून धरते, बाबा! मग त्याच बागेची जुनी बाटली उघडली. तुरटपणा कुठल्या कुठं गेलेला, शिसपेन्सिल तासल्याचा वास, आणि गिळल्यावरही चव रेंगाळते. नवी नुसतीच महाग वाटली. जुनीला मात्र मान दिला.

इथल्या प्रतवारीची गंमत ऐक. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव बघून वाड्यांचे, म्हणजे वाइन करणाऱ्या बागांचे, पाच वर्ग पाडले. ती यादी अजून चालते! दुसऱ्यातून पहिल्या वर्गात चढला तो एकटा मुताँ रोथशिल्ड, तोही 1973 साली. मला हे काही पटत नाही. बाग एका वर्षात बिघडते हे तुला सांगायला नको. आपल्याकडं दलाल सकाळचा भाव संध्याकाळी पाडतो, इथं पणजोबांच्या वेळचा शिक्का पणतू मिरवतो.

एक बाटली आणतोय, पहिल्या वर्गातली नव्हे, तेवढी ऐपत नाही. पत्र्याच्या खोलीत ठेवू नकोस, उकाड्यानं नासेल. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेव. दिवाळीत येतो, वहिनींना म्हणावं, मटण जरा कमी तिखट करा.

तुझा,
विजय