नंद्या, तुझ्या गुलदारबद्दल

नाशिक,
२९ मार्च २०२५

प्रिय नंद्या,

स.न.वि.वि.

चौदा महिने झाले. गेल्या वर्षी जानेवारीत पोर्ट ब्लेअरला गुलदार, चीता आणि कुंभीर या नौदलाच्या तिन्ही नौका एकाच दिवशी निवृत्त झाल्या, सूर्यास्ताला झेंडे उतरले, त्या रात्री तू फोन केलास. आणि मी म्हणालो, "अरे, लोखंडच ते शेवटी." तू फोन ठेवलास. चूक माझी होती. ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल.

तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे तसेच.

डिसेंबरात आम्ही मनूकडे ऑस्ट्रेलियाला गेलो होतो. तिनं मला स्कूबाचा पहिला आणि त्यापुढचा असे दोन्ही कोर्स करायला लावले. बीपीमुळे डॉक्टरांचा दाखला लागला, तो मिळाला. तिथं मूलूलाबाजवळ ब्रिस्बेन नावाची विनाशिका २००५ साली मुद्दाम बुडवलीय, डायव्हरना खाली जाऊन बघता यावी म्हणून. १३३ मीटर लांब. व्हिएतनामला जाऊन आलेली, १९९१च्या आखाती युद्धातही होती. सुरुंग लावले आणि दोन-सव्वादोन मिनिटांत खाली. सत्तावीस-अठ्ठावीस मीटरवर वाळूत सरळ उभी आहे.

बोयाच्या दोराला धरून उतरताना कान ठणकायला लागले. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं. आठवतं? गांधी तलावात दहा पैशांच्या नाण्यामागे बुड्या मारायचो तेव्हा तूच शिकवलंस. "जोरात नको रे, बहिरा होशील!" इन्स्ट्रक्टरनं विचारलं, हे आधी कुठं शिकलात? म्हटलं, रामकुंडावर, मित्राकडून. (नाणी मात्र तू एकदाही वाटून घेतली नाहीस. त्याचा हिशेब बाकी आहे.)

खाली लाल रंग उरतच नाही. मनूच्या बाहीवरची लाल पट्टी काळपट दिसायला लागली. सगळं करडं-निळं. गाइडनं पत्र्यावर टॉर्च मारला आणि केशरी, जांभळं, लालभडक प्रवाळ एकदम पेटल्यासारखं दिसलं. वीस वर्षांत त्या जहाजावर रंग देणारं कुणी नव्हतं, समुद्रानंच दिलाय.

मग आम्ही इंजिन रूममध्ये शिरलो. बुडवायच्या आधी तेल, तारा, दारं सगळं काढून टाकतात आणि बाजूंना माणूस जाईल एवढी भोकं पाडतात, म्हणून बाहेरचा उजेड दिसत राहतो. गाइड पुढे, मी मधे, मनू मागे. एका व्हॉल्व्हच्या चाकाच्या आऱ्यांमध्ये बोटभर मासा बसला होता. टॉर्च अंगावर पडला तरी हलला नाही. मी तिथंच थांबलो.

तू सांगायचास ना, इंजिन रूममध्ये एवढा आवाज की कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, सगळं हातानं बोलायचं. इथं माझ्या श्वासाच्या बुडबुड्यांशिवाय काही नव्हतं, आणि आम्ही तिघंही हातानंच बोलत होतो. त्या चाकाशी कुणीतरी चार-चार तास ड्यूटी केली असणार, घामानं निथळत, घरच्या पत्राची वाट बघत. आणि मी लोखंड म्हणालो होतो. मास्कच्या आत डोळे भरून आले तर पुसता येत नाहीत, नंद्या.

परत येतो तर बातमी. गुलदार कारवारला महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाच्या ताब्यात दिली, निवतीच्या खडकांजवळ बुडवणार. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तू म्हणतोयस की तिचं पर्यटकांचं खेळणं करणार. वहिनींनी आईला सांगितलं. मी ब्रिस्बेन बघितली नसती तर मीही तेच म्हटलं असतं.

पण भीती मलाही वाटते, वेगळीच. फ्लोरिडात स्पीगेल ग्रोव्ह नावाचं, गुलदारसारखंच सैन्य उतरवणारं जहाज २००२ साली ठरल्या वेळेआधीच उलटून बुडालं. २००५च्या वादळानं ते सरळ केलं. आणि २००७ मध्ये आत शिरलेले तीन डायव्हर बाहेर आले नाहीत. आत पायातली फिन जरा जोरात हलली की गाळ उठतो आणि स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. मालवणात लोक दहा मिनिटं उतरतात, फोटो काढतात, वर येतात. तीच माणसं उद्या गुलदारच्या जिन्यात शिरली तर? कुठली वाट अरुंद, कुठली बंदच करून टाकायला हवी, हे तिच्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला जेवढं ठाऊक, तेवढं नकाशात असेल का? तू त्यांना लिही. रागावून का होईना, पण लिही.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? ओंकारला नोकरी लागली, अभिनंदन सांग. म्हसरूळचा प्लॉट इतक्यात विकू नकोस, भाव चढताहेत.

एक जुनं बोलायचं राहिलंय. १९८५ साली नौदलाचा माझाही फॉर्म तूच भरलास. आणि मी नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवरून परत फिरलो. तू एकटा चिल्क्याला ट्रेनिंगला गेलास. सरकत्या गाडीच्या दारातून तू जी शिवी दिलीस ती मला अजून पाठ आहे. ती पोलंडमध्ये बांधलेली गुलदारही त्याच वर्षी नौदलात आली. मी नव्हतो, म्हणून तुझी सगळी वर्षं तिनंच बघितली.

तुला स्टेंट आहे, खाली उतरायला कुणी परवानगी देणार नाही. तू होडीत बस. खाली मी जाईन, मनूही येते म्हणालीय. आधी नाशिकला ये, विशाखापट्टणमहून थेट इकडेच, मग गाडीनं वेंगुर्ल्याला जाऊ.

आणि उलट टपाली एक चित्र पाठव. गुलदारच्या इंजिन रूममध्ये शिडी कुठं, तू ड्यूटीला कुठं उभा राहायचास आणि त्सुनामीच्या दिवसांत पाठ टेकायला कुठं जागा शोधायचास. मापं नकोत. नुसती खूण कर, मी शोधतो.

तुझा,
बाळ्या