नाका कामगारांच्या पोरांचं गाव कोणतं, ते सरकारने एकदा ठरवावं

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : स्थलांतरित कामगारांच्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुर्भे स्टोअरला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की दिवाळीपर्यंत आमचा सीझन. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, कॅपचे म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांचे ऑप्शन फॉर्म, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं इथे होतं. म्हणजे तुमच्या योजनांवर माझं घर चालतं, आणि योजना जितकी किचकट तितका माझा गल्ला जास्त भरतो. तरीही मी तक्रार करतोय, यावरून काय ते समजा.

माझ्याकडे येणारी बहुतेक पोरं नाका कामगारांची. बाप सकाळी नाक्यावर उभा राहतो, आई सिमेंटची पाटी उचलते किंवा सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करते. कुणी वाशीम-यवतमाळच्या तांड्यावरून आलेले, कुणी जालन्याकडचे, कुणी कर्नाटकातल्या विजयपूर-कलबुर्गीकडचे लमाणी, कुणी खडी फोडायला आलेले वडार. पोरं इथेच जन्मली, महापालिकेच्या शाळेत शिकली. मराठी तुमच्या-माझ्यासारखी बोलतात, आणि गावाला गेली की दोन दिवसांत कंटाळतात. घरात आजवर कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. फॉर्ममध्ये पालकांचं शिक्षण विचारलं की पोरगं आधी मागे वळून बापाकडे बघतं, मग हळूच म्हणतं, ‘काहीच नाही लिहा.’

शिष्यवृत्त्या नाहीत असं मी म्हणत नाही. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, विमुक्त-भटक्यांसाठी आणि ओबीसींसाठी आहे, खुल्या वर्गातल्या गरिबांना राजर्षी शाहू योजनेतून निम्मी शिकवणी फी मिळते. 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींची फी पूर्ण माफ केलीत. ते चांगलंच केलंत, दुकानात त्या वर्षी मुलींचे फॉर्म वाढले हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घोडं अडतं ते दाखल्यापाशी.

गेल्या वर्षीचा एक मुलगा सांगतो. नाव देत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या तांड्याचं घर, बाप वीस-बावीस वर्षं नवी मुंबईत गवंड्याच्या हाताखाली. पोराला सीईटीत बरे मार्क पडले आणि विमुक्त जाती ‘अ’ मधून जवळच्याच एका कॉलेजात इंजिनीअरिंगची सीट मिळण्यासारखी होती. जातीचा दाखला नव्हता. विमुक्त जातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि त्या वेळी कुटुंब जिथे राहत होतं तिथल्याच प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयातून दाखला मिळतो. बाप रोजी बुडवून गावाला गेला. तिथे विचारलं, आजोबांचा शाळेचा दाखला आणा. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. मग जमिनीचा उतारा आणा. जमीन नव्हती. मग कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या गाव नमुना 14 ची नक्कल काढा. तांडा गावकुसाबाहेर, त्या वहीत त्यांच्या घरची एकही नोंद नाही. शेवटी शेजारच्या गावच्या शाळेत एका चुलत आजोबाचं नाव सापडलं, तेही पाटीवर मुळाक्षरं गिरवून वर्षभरात शाळा सोडलेल्या माणसाचं. त्यावर दाखल्याची फाइल पुढे सरकली. तोवर इथे कागदपत्रांची मुदत संपून सीट गेली होती. दाखला डिसेंबरात हातात आला. मुलगा आता बी.कॉम.ला आहे आणि संध्याकाळी पार्सलं पोचवतो.

यातली गंमत तुमच्या लक्षात आली का? ज्या घरात कुणीच शिकलेलं नाही त्या घरातल्या मुलाला मदत मिळावी म्हणून योजना, आणि ती मिळवायला पुरावा काय, तर घरातलं कुणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाळेत गेलं होतं! ज्यांचे आजोबा मास्तर होते त्यांची फाइल आठ दिवसांत होते. मी रोज बघतो. शाळेचा जुना दाखला घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला असतो त्यांच्या घरी. खोट्या दाखल्यांना आळा हवा, हे मान्य. पण तपास करायचा तो सरकारी दफ्तरातून करा ना. ठाण्याच्या प्रांताने वाशीमच्या प्रांताला ऑनलाइन कळवावं, नोंद मागवावी, नसेल तर तिथल्या तलाठ्याने तांड्यावर जाऊन चौकशी करावी. दोन सरकारी कार्यालयांतला निरोप्या म्हणून रोजंदारीवरचा बाप का फिरतोय?

इथवर तो मुलगा तुमच्या लेखी वाशीमचा. आता पुढचं ऐका.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी दोन चांगल्या योजना आहेत, स्वाधार आणि सावित्रीबाई फुले आधार. पहिली अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी, दुसरी ओबीसी आणि विमुक्त-भटक्यांसाठी. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत शिकणाऱ्याला वर्षाला 60,000 रुपये : भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. अट अशी की मुलगा कॉलेज असलेल्या ठिकाणचा स्थानिक रहिवासी नसावा. मग आमचा हा मुलगा कोण? आधार कार्डावर पत्ता तुर्भ्याचा, रेशन कार्ड इथलं, म्हणजे तो स्थानिक. जातीच्या दाखल्याला जो परका होता तो हॉस्टेलच्या भत्त्याला अचानक नवी मुंबईकर झाला. त्याचा सख्खा चुलतभाऊ उद्या तांड्यावरून इथे शिकायला आला तर त्याला अर्ज करता येतो, आणि याला नाही. आईबाप, तीन भावंडं, आजी अशी सगळी एका दहा बाय बाराच्या खोलीत राहतात, वर पोटमाळा. रात्री अकराशिवाय तिथे पुस्तक उघडता येत नाही, कारण तोवर कुणी ना कुणी जेवतंय. तांड्यावरून येणाऱ्याला पैसे मिळतात ते योग्यच आहे, त्याच्या ताटातलं काढा असं मी सुचवत नाही. पण स्थानिक असण्याचा फायदा ज्याला काहीच नाही, त्याला स्थानिक म्हणून बाद करू नका. घराचं क्षेत्रफळ आणि माणसं मोजा, तालुका कसला मोजता?

कर्नाटकातून आलेल्यांची गोष्ट याहून अवघड. लमाणी म्हणजेच बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. एकच भाषा, एकच सणवार, सीमा ओलांडली की रकाना बदलतो. विजयपूरहून वीस वर्षांपूर्वी आलेल्या माणसाची मुलगी इथे जन्मली, इथेच शिकली, पंधरा वर्षांच्या रहिवासावर डोमिसाइलही मिळालं. पण जातीच्या सवलती इथे नाहीत, कारण मूळ राज्य वेगळं. तिकडे अर्ज करावा तर तिकडे रहिवास कुठाय? 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सांगितलं की एका राज्यातली अनुसूचित जाती-जमातीची सवलत दुसऱ्या राज्यात बरोबर नेता येत नाही. तो निकाल बदलणं तुमच्या हातात नाही, एवढं मलाही कळतं.

पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. तामिळनाडूने 2010 मध्ये एक योजना आणली. घरातला पहिला पदवीधर होऊ घातलेला मुलगा किंवा मुलगी समुपदेशनातून, म्हणजे तिथल्या सरकारी प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली, तर शिकवणी फी सरकार भरतं. जात विचारत नाहीत, उत्पन्नही विचारत नाहीत. घरात याआधी कुणी पदवीधर नाही, एवढं महसूल खात्याचं प्रमाणपत्र पुरतं. त्यातही खोट आहे, घरातल्या एकालाच लाभ मिळतो आणि धाकट्या बहिणीने काय करायचं हा प्रश्न राहतोच. पण विचार सरळ आहे. आजोबा 1961 मध्ये कुठे होते हे शोधण्याऐवजी आज घरात कुणी शिकलंय का हे विचारायचं.

महाराष्ट्रात हे करायला काय अडचण आहे? पहिली पिढी हा निकष जातीचा नाही, त्यामुळे त्या 1990 च्या निकालाच्या आड येत नाही. आरक्षणाला हात लागत नाही, सीट ज्याची त्याला. विजयपूरची लमाणी, वाशीमचा बंजारा, बाजार समितीत ओझी उचलणाऱ्या साताऱ्याच्या माथाडीचा मुलगा आणि जौनपूरहून आलेल्या रिक्षावाल्याची मुलगी, सगळी त्यात बसतात. पुरावा म्हणून मुलाने पहिली ते दहावी ज्या शाळेत काढली तिथल्या मुख्याध्यापकांचा दाखला आणि पालकांचं स्वयंघोषणापत्र घ्या. लोक खोटं लिहितील, असं तुमचे सचिव म्हणतील. लिहितील काही जण. उत्पन्नाच्या दाखल्यात काय होतं ते मी इथे लिहीत नाही, माझा धंदा आहे. पण अंगठा उठवणारा माणूस पदवी लपवतोय अशी शंका घेऊन योजना थांबवू नये. आणि फक्त इंजिनीअरिंग-फार्मसीपुरती ठेवू नका. माझ्याकडची निम्मी पोरं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला जातात, आणि विनाअनुदानित तुकडीत गेली की तिथली फीही त्यांना झेपत नाही.

बांधकाम कामगार मंडळाकडे बोट दाखवू नका, अशीही विनंती. मंडळाची शिष्यवृत्ती चांगली आहे, पदवीला वर्षाला 20,000, इंजिनीअरिंगला 60,000. पण बापाची नोंदणी चालू हवी आणि त्यासाठी वर्षातले नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र हवं. नाक्यावरच्या माणसाला रोज नवा ठेकेदार भेटतो. संध्याकाळी पैसे हातावर टेकवून निघून जाणारा ठेकेदार सही कधी देणार? मग एजंट सही आणून देतो आणि त्याचे वेगळे घेतो.

फीचं एक सांगून थांबतो. शिष्यवृत्तीच्या मुलांकडून प्रवेशाच्या वेळी शिकवणी फी घेऊ नये, असे आदेश तुमच्याच सरकारचे आहेत. प्रत्यक्षात अनेक कॉलेजं आधी भरा, आली की परत देऊ म्हणतात. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा आता थेट मुलाच्या खात्यात येतो, राज्याचा 40 टक्के वेगळा. येईपर्यंत महाडीबीटीवर स्टेटस पेंडिंग, आणि अर्ज कॉलेजच्या लॉगिनला की समाजकल्याणच्या, हे पोराने माझ्याकडे येऊन विचारायचं. कधी पैसे आलेले असतात, पण मोबाईलच्या सिमबरोबर नकळत उघडलेल्या भलत्याच खात्यात, कारण आधार शेवटचं तिथे जोडलेलं. बाप तोवर सावकाराकडून उचल घेऊन आलेला असतो. शिष्यवृत्ती मंजूर होईपर्यंत फी मागणाऱ्या कॉलेजवर काय कारवाई झाली, हे तुमच्या संचालनालयाने दरवर्षी कॉलेजवार जाहीर केलं तरी पुष्कळ होईल.

प्रवेश तुमच्या खात्याचा म्हणून पत्र तुम्हाला लिहिलं. दाखले महसूलचे, स्वाधार सामाजिक न्यायची, सावित्रीबाई फुले आधार योजना इतर मागास बहुजन कल्याणची आणि कामगार मंडळ कामगार खात्याचं, तेव्हा प्रती त्या चारही खात्यांना पाठवतोय. कुणा एकाचं उत्तर आलं तरी चालेल, फक्त जूनच्या आधी यावं.

आपला,
ऑनलाइन फॉर्मवाला,
तुर्भे स्टोअर, नवी मुंबई