या तारा उसवायच्या कोणी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर एक मुलगा हमखास उभा असतो. हातात लांब बांबू, टोकाला बेचकं. रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा तो बेचक्यात धरून वर उचलतो आणि मूर्तीचा मुकुट खालून सरकला की हळूच सोडतो. गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मूर्ती पाऊण तास अडली. ढोलवाली पोरं दमून पायऱ्यांवर टेकली. मी खिडकीत विणत बसले होते. बांबूवाल्याने वर बघून विचारलं, "आजी, ह्या वायरी कोणाच्या?" मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मोजल्या. कोपऱ्यावरच्या खांबापासून समोरच्या इमारतीपर्यंत सतरा. टीव्हीच्या जुन्या काळ्या केबल, इंटरनेटच्या बारीक फायबर, आणि दोन वेटोळी करून खांबालाच टांगलेल्या, त्यांचं दुसरं टोक कुठे जातं ते देव जाणे. इमारतीत चौकशी केली तेव्हा चालू कनेक्शनं निघाली पाच. बाकीच्या बारा कुणाच्या घरात जात नाहीत, नुसत्या लोंबतात.

मी पन्नास वर्षं विणते आहे. इंग्रजी पुस्तकं जिला केबल म्हणतात, तिला आमच्या घरात वेणी म्हणत. मधे सहा टाके सुलट, दोन्ही अंगांना दोन-दोन उलट. आठव्या ओळीला तीन टाके जादा सुईवर काढून पुढे ठेवायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग बाजूला ठेवलेले तीन. सुई पुढे धरली तर वेणी डावीकडे वळते, मागे धरली तर उजवीकडे. एवढीच जादू. आईची ती जादा सुई म्हणजे सायकलच्या चाकाची तार होती, टोकं फरशीवर घासून गुळगुळीत केलेली. ओळ मोजायला चुकलं की पुढे कितीही विणा, तो पीळ डोळ्यांत खुपतोच. मग उसवायचं. मुकाट्याने उसवायचं आणि लोकर गुंडाळून ठेवायची. ज्याला उसवण्याचा कंटाळा त्याने सुया हातात घेऊ नयेत, असं आई म्हणे. वर टांगलेल्या त्या सतरा तारा बघताना हे आठवतं, कारण तिथे घालणारे पुष्कळ येऊन गेले, उसवायला कोणी आलं नाही.

आमचे हे टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. रस्त्याकडेच्या खड्ड्यात छत्री बांधून बसायचे आणि शेकडो जोड्या एकेक करून जोडायचे. टेलिफोनच्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात, कारण पीळ नसेल तर शेजारच्या जोडीतलं बोलणं आपल्या कानात येतं. शेजारशेजारच्या जोड्यांचा पीळही सारखा ठेवत नाहीत, एकीचा दाट, दुसरीचा सैल. रंगांचा क्रम त्यांना झोपेतही पाठ होता: पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-राखाडी, मग लाल सुरू. कुठली जोडी कुठल्या घरी जाते याची नोंद वहीत असे. एखाद्याने फोन परत केला की त्या जोडीपुढे पेन्सिलीने खूण व्हायची. खात्याच्या कारभाराबद्दल लोक काय काय बोलत ते मला माहीत आहे (लाइन मिळायला वर्षं लागायची, हे खरंच), पण तार कोणाची हा प्रश्न तेव्हा पडत नव्हता.

नीट घातलेली केबल दिसतसुद्धा नाही. घारापुरीला २०१८ साली वीज पोचली ती समुद्राच्या तळावरून, साडेसात किलोमीटरच्या केबलने. लेण्यांना जाणाऱ्या लाँचमधल्या किती जणांना ती खाली आहे हे ठाऊक असेल? आणि जी दिसते ती बघत राहावीशी वाटते. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मुलाला गाडी हळू घ्यायला सांगितलं आणि त्या तिरप्या रांगा वेणीच्या ओळींसारख्या मोजायला लागले. वांद्र्याच्या बाजूला २६४ केबल आहेत हे नंतर कळलं, मी चाळिसाच्या पुढेच चुकले होते. बाहेरून एकेक सलग दोर दिसतो, पण आत पोलादी तारांची मोळी असते आणि भार सगळ्या वाटून घेतात.

वाटून घेतलेल्या भाराचा धोका असा, की त्यातल्या काही तारा गेल्या तरी लगेच कळत नाही. मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला, १३५ माणसं गेली. मुख्य केबल सात पेडांची, प्रत्येक पेडात सात तारा, म्हणजे एकूण ४९. विशेष तपास पथकाच्या अहवालानुसार त्यांतल्या २२ तारा गंजलेल्या होत्या आणि त्या पूल पडण्याआधीच तुटलेल्या असाव्यात. उरलेल्या २७ कोणाला काही न सांगता भार ओढत होत्या. सुटलेला टाका स्वेटरच्या आतल्या बाजूने बघितल्याशिवाय सापडत नाही, तिथेही आतून कोणी बघितलं नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या तारांना पुलाएवढा भार नाही, मान्य. पण फायबरच्या बारीक केबललाही पुष्कळदा आधाराची पोलादी तार असते. ती लोंबत विजेच्या तारेवर घासली, तिथलं वेष्टण गेलं, की खाली हात लावणाऱ्याचं काय? मिरवणुकीत ट्रॉलीवर उभा असलेला तो मुलगा भिजलेला असतो, पाऊस असतो, आणि हातातला बांबूही ओलाच असतो.

म्हणून मी तक्रार घेऊन गेले. एका खिडकीवर सांगितलं, खांब आमचा पण तारा आमच्या नाहीत. दुसरीकडे म्हणाले, कंपनीला विचारा. ज्या कंपनीचं नाव एका केबलवर अस्पष्ट वाचता येत होतं, तिच्या माणसाने फोनवर सांगितलं की ते काम आता आमच्याकडे नाही. माझी मागणी मोठी नाही. तार टाकणाऱ्याने खांबापाशी आपल्या नावाची पट्टी लावावी. कनेक्शन बंद झालं की जोडणाऱ्यानेच येऊन तार काढावी, आणि अनामत रक्कम तोवर त्याला परत मिळू नये. बिनपट्टीच्या तारा पुढच्या गणपतीआधी उतरवाव्यात.

तोवर मी एक केलं आहे. आमच्या इंटरनेटची तार खिडकीतून जिथे आत येते तिथे लाल लोकरीचा गोंडा बांधला. ते बघून खालच्या मजल्यावरच्यांनी गोंडा मागून नेला, आणि आता पाचही चालू तारांना गोंडे आहेत. उरलेल्या बारांच्या मालकांनी हे पत्र वाचलं तर जरूर यावं, लाल लोकर अजून पाव किलो शिल्लक आहे.

आपली,
एक नियमित वाचक