दिव्यांग डब्यातल्या अनोळखी मंडळींचे आभार

मंगळवारी संध्याकाळी दादरहून कल्याण स्लोच्या दिव्यांग डब्यात माझ्या स्वमग्न मुलासोबत चढले. "चांगला धडधाकट तर दिसतोय!" कुणीतरी खेकसलंच. मी पर्समध्ये कार्ड शोधेपर्यंत कुबडीवाल्या काकांनी परस्पर सुनावलं, "2016च्या कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे, स्वमग्नताही त्यात आली." काका, वकील आहात का हो तुम्ही? मोबाइलवरची गाणी कुणी न सांगता बंद करणाऱ्या दादा, तुमचेही आभार (हल्ली हे दुर्मीळच). आणि ताई, "खिडकीपाशी बसायचंय का?" हे तुम्ही थेट त्यालाच विचारलंत. तो बोलत नाही. मान हलेपर्यंत शीव आलं, तोवर तुम्ही थांबलात. ठाण्याला उतरताना गडबडीत नावं विचारायची राहिली. कुणी ओळखत असाल तर एवढं त्यांच्यापर्यंत पोचवा.