बेअर्ड अधिकारी नव्हते, नाईक होते

महोदय,

अफगाणिस्तानात २२ जून २०१३ रोजी धारातीर्थी पडलेले ऑस्ट्रेलियन कमांडो कॅमेरॉन बेअर्ड यांच्यावरचे आपल्या अंकातील टिपण वाचले. त्यांची आठवण काढलीत हे चांगलेच. पण त्यांना 'एसएएसचे (ऑस्ट्रेलियाच्या विशेष दलातल्या दुसऱ्या पलटणीचे) अधिकारी' म्हटले आहे आणि 'ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक' मिळाल्याचे लिहिले आहे. दोन्ही चूक. त्याहून खटकले ते हे, की त्या दिवशी त्यांनी नेमके काय केले ते 'अतुलनीय शौर्य' या दोन शब्दांत उरकले आहे.

आधी हुद्दा. बेअर्ड कॉर्पोरल होते, म्हणजे आपल्याकडचे नाईक. मोजक्या जवानांची टीम घेऊन सगळ्यात पुढे जाणारा माणूस. कॅनबेरातल्या युद्धस्मारकाच्या कांस्यपटांवर शहीदांची नुसती नावे असतात, हुद्दा किंवा पदक कोरत नाहीत. पण वर्तमानपत्रात हुद्दा लिहायचाच तर बरोबर लिहावा. त्यांची पलटण सेकंड कमांडो रेजिमेंट, सिडनीजवळच्या होल्सवर्दी छावणीतली, हिरव्या बेरेची (बेरे म्हणजे लष्करी गोल टोपी). एसएएस रेजिमेंट वेगळी. ती पर्थला असते आणि तिची बेरे वाळूच्या रंगाची. बेअर्ड २००० साली भरती झाले तेव्हा त्यांच्या पलटणीचे नाव चौथी बटालियन, रॉयल ऑस्ट्रेलियन रेजिमेंट (कमांडो) असे होते. २००४ मध्ये त्यांनी सैन्य सोडले, २००६ मध्ये ते परत आले. आजचे नाव पलटणीला जून २००९ मध्ये मिळाले.

पदकाचे म्हणाल तर 'व्हिक्टोरिया क्रॉस फॉर ऑस्ट्रेलिया' हा १९९१ पासून ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा सन्मान आहे. घाट जुन्या ब्रिटिश पदकाचाच, पण पदक देणारा देश वेगळा. ब्रिटिश पदक ९६ ऑस्ट्रेलियनांना मिळाले होते. नव्या पदकाचे बेअर्ड चौथे मानकरी आणि पहिले मरणोत्तर, म्हणून दोन्ही मिळून ते शंभरावे.

टिपणात २००७ चा उल्लेखच नाही. त्या नोव्हेंबरात अफगाणिस्तानातच, लान्स कॉर्पोरल (कॉर्पोरलच्या खालचा हुद्दा) असताना, अंगणांच्या आणि खोल्यांच्या लढाईत त्यांच्या टीममधला एक जवान अगदी जवळून गोळी लागून पडला. माऱ्याखालून पुढे जाऊन बेअर्ड यांनी त्याला आडोशाला आणवले आणि ते पुन्हा आत शिरले. आत बंडखोरांजवळच बायका-मुले दिसली, तेव्हा आधी त्यांना बाहेर काढून मगच लढाई पुढे चालवली. त्यासाठी त्यांना मेडल फॉर गॅलंट्री हे शौर्यपदक मिळाले.

आता २२ जूनचे. उरुझगान प्रांतातल्या घावचक गावाजवळ कमांडोंची प्लाटून आणि अफगाण सुरक्षा दलाचे जवान हेलिकॉप्टरमधून उतरले. उतरताच अनेक ठिकाणांहून गोळीबार सुरू झाला. बेअर्ड यांच्या टीमने ती ठाणी मोडली, त्यात सहा शत्रू मारले गेले. थोड्याच वेळात शेजारच्या टीमचा कमांडर गंभीर जखमी झाल्याचे कळले. त्यांच्या मदतीला निघालेल्या बेअर्ड यांच्यावर वाटेतच मशीनगनचा मारा सुरू झाला, पाठोपाठ बाजूनेही हल्ला झाला. बाजूचा हल्ला त्यांनी ग्रेनेड आणि रायफलने मोडून काढला, मशीनगनचा मारा स्वतःवर ओढून घेतला आणि टीमला शत्रूच्या आवारापर्यंत जागा करून दिली.

खरा पेच पुढे होता. त्या भागातली घरे म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या जाड भिंती. रायफलची गोळी भिंतीत रुतून बसते, पलीकडे जात नाही. राहतो तो दरवाजा, आणि आतल्या माणसाने बंदूक नेमकी त्याच चौकटीवर रोखलेली असते. आपले जवान भिंतीला खेटून असताना वरून बॉम्बही टाकता येत नाही.

आवारातल्या शत्रूच्या घराच्या अशाच दारावर बेअर्ड तीन वेळा गेले. पहिल्या वेळी आत गोळ्या झाडत पुढे सरकताना ऐन दाराशी रायफल अडकली. असे अनेक कारणांनी होते: रिकामे काडतूस बाहेर न पडणे, दोन गोळ्या एकदम चेंबरकडे (गोळी बसते त्या कप्प्याकडे) येणे, मॅगझिनचे ओठ म्हणजे वरच्या कडा वाकणे, धूळ. सरावातला पहिला उपाय म्हणजे मॅगझिन खालून ठोकायचे, कॉकिंग हँडल मागे ओढून सोडायचे आणि पुन्हा नेम धरायचा. तेवढ्याने सुटले नाही तर मॅगझिन काढून चेंबर मोकळा करावा लागतो. चौकटीत उभे राहून ते होत नाही. बेअर्ड मागे आले, रायफल मोकळी केली आणि टीमजवळ उरलेल्या गोळ्यांची जवानांत फेरवाटणी केली. माझ्या मते त्या दिवसातले सर्वांत शिकण्याजोगे काम हेच. ३० गोळ्यांचे मॅगझिन सलग माऱ्यात काही सेकंदांत संपते. एकाकडे चार मॅगझिन आणि दुसऱ्याकडे एकही नाही, अशा टीमला आत घातले तर ती अर्धीच लढते. समोर मशीनगन चालू असताना हा हिशेब करायला डोके थंड लागते.

दुसऱ्या वेळी दारातून मारा करूनही आतली बंदूक थांबली नाही. मॅगझिन बदलायला ते आडोशाला आले. तिसऱ्या वेळी मारा स्वतःकडे ओढत ते पुन्हा दारावर गेले. भोवतालच्या जमिनीवर, भिंतींवर गोळ्या आदळताना जवानांना दिसल्या, मग धुळीने आणि धुराने सगळे झाकले गेले. ठाणे पडले, बेअर्डही पडले. पंधराच दिवसांपूर्वी त्यांना ३२ वे वर्ष पूर्ण झाले होते.

हे वाचताना मराठी माणसाला माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे आठवायला हवेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा गडी त्याच्या सेक्शनमधले सगळे जवान पडल्यावर एकटा मशीनगनवर धावून गेला. ग्रेनेडने मशीनगन उडवली, एकाला टॉमीगनने टिपले आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. व्हिक्टोरिया क्रॉस त्यालाही मरणोत्तरच मिळाला, पण ते पदक ब्रिटिश होते. हुद्दा मात्र तोच. दुरुस्ती छापलीत तर 'नाईक' हा शब्द दोघांच्याही नावाआधी लावावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा