आधी विचारून मग मोजणाऱ्या अभियंत्यांना

आदरणीय अभियंता साहेब,
सप्रेम नमस्कार.

शहराच्या वेशीबाहेरील आमच्या आवाराचे दुखणे आपण दूर केलेत आणि त्याचे मानधनही आपल्याला रीतसर पोहोचले आहे. परंतु ज्या गोष्टीसाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे, ती कोणत्याही देयकात मांडता येण्याजोगी नाही.

पावसाळा आला की घरामागे पाणी तुंबायचे, शोषखड्डा उफाळून वर यायचा आणि विहिरीच्या पाण्याला वास यायचा. आपल्याआधी आलेल्या तज्ज्ञ मंडळींपैकी एकाने सेप्टिक टाकी नव्याने बांधायला सांगितले, दुसऱ्याने विहीर बुजवण्याचा सल्ला दिला, तर आणखी एका गृहस्थांनी जागा विकून शहरात सदनिका घेण्याचे सुचवले (गिऱ्हाईकही त्यांच्या ओळखीचेच होते). बुटांना चिखल लागणार नाही इतक्या बेताने त्यांनी आवारात फेरी मारली. माझी आई त्यांना काही सांगू पाहत होती, तेव्हा "आजी, तुम्ही आत बसा," एवढेच तिच्या वाट्याला आले.

आपण मात्र यंत्रे गाडीतून काढण्याआधी तिच्याशेजारी पायरीवर बसलात आणि विचारलेत, "आई, पाणी पहिल्यांदा कुठून येतं?" ती हात दाखवील तसतसा आपण कागदावर नकाशा काढत गेलात. वरच्या अंगाला पूर्वी एक ओघळ होता, तिथे भराव टाकून प्लॉट पाडले गेले, आणि डांबराचे थर चढत जाऊन रस्ता आमच्या फाटकाहून उंच झाला, हे तिने पाहिले होते, कारण संसाराची सारी वर्षे तिने याच आवारात काढली आहेत. एका एकरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे 40 हजार लिटर पाणी जमते. त्याची जुनी वाट बंद झाल्यावर ते आमच्याकडे वळले, शोषखड्ड्याभोवतीची माती भिजून गच्च झाली आणि टाकीतून येणारे पाणी मुरायला जागाच उरली नाही. टाकी निर्दोष होती. चर, उतार आणि विहिरीपासून दूर, खालच्या अंगाला घेतलेला नवा शोषखड्डा यांचे वर्णन येथे करीत नाही. ते काम चोख झाले आहे.

मनात राहिले आहे ते आपल्या अहवालातील एक वाक्य: "पाण्याच्या मूळ मार्गाची माहिती घरमालकीण बाईंनी दिली, मोजणीअंती ती बरोबर ठरली." आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. गोड बोलणारी माणसे आम्हाला आधीही भेटली होती, तिला आत बसायला सांगणारेही गोडच बोलत होते. पण आपल्या विषयातले काही समोरच्या सामान्य माणसाला अधिक ठाऊक असू शकते, हे मान्य करून तसे स्वतःच्या सहीनिशी लिहून देणारा जाणकार विरळा. त्या वाक्यावाचून अहवालाचे काहीच अडले नसते, आपल्या कीर्तीत कदाचित थोडी भरच पडली असती, तरीही आपण ते लिहिलेत.

पावसाळ्यानंतर विहिरीच्या पाण्याची पुन्हा तपासणी करून घेण्यास आपण बजावले होते. ती करून घेतली असून पाण्यात मैलाजन्य जंतू आढळलेले नाहीत, हे कळवताना आनंद होतो. वरच्या चरात गाळ साचू लागला आहे, असे आईचे म्हणणे आहे. तो उपसून घेत आहे.

आपला ऋणी,
एक घरमालक