ब्लॉकमध्ये पाय ठेवण्याआधी

प्रिय मित्रा,

प्रभूत सलाम.

तुझा मेसेज वाचला, परत एकदा वाचला. रोज प्रार्थना करतोस, बुटावर बायबलमधलं फिलिप्पै ४:१३ लिहून घेतलंयस, तरी शर्यतीआधी स्टार्टिंग ब्लॉकमध्ये पाय ठेवला की पोटात गोळा येतो आणि मग तुला वाटतं आपला विश्वासच कमी पडतोय. अरे विश्वास वगैरे काही कमी पडत नाहीये, ते वचन तू मागचंपुढचं सोडून धरलंयस, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाच.

फिलिप्पै ४:१३ खेळाडूंचं लाडकं आहेच, टिम टीबो अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर लिहायचा, बास्केटबॉलवाल्या स्टीफन करीच्या बुटांवरही दिसतं. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे." पण हे लिहिणारा प्रेषित पौल कुठून लिहितोय? कैदेतून! आणि त्याच्या आधीच्या ११ आणि १२ ओव्या वाच ना, तो म्हणतोय भरल्या पोटी कसं राहायचं तेही मी शिकलोय आणि उपाशीपोटी कसं राहायचं तेही. म्हणजे त्या 'सर्वकाही'त गोल्ड येतं तसं हीटमध्येच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, बाहेर पडणंही येतं. मला तर यानेच जास्त धीर येतो, कारण वचन म्हणजे जिंकायची गॅरंटी असं धरलं तर प्रत्येक हारीला देवावरचा भरवसाही डळमळणार, पण हरलो तरी त्याच्या हातातून सुटणार नाही हे एकदा पक्कं झालं की मग भ्यायचं कशाला?

मत्तय ३ पण बघ. येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी येते, हा माझा पुत्र, मला परमप्रिय. तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा एकही चमत्कार झालेला नाही, एकही प्रवचन नाही, शिष्य नाहीत, काहीच नाही. आधी पित्याची पसंती आणि मग काम. आपलं नेमकं उलटं चालतं, आधी टायमिंग काढून दाखवायचं आणि मग आपण कोणीतरी आहोत असं वाटणार. तू स्टार्टलाइनवर जातोस तेव्हा पसंती मिळवायला जाऊ नकोस, ती घेऊनच जा.

आणि दावीद! गल्याथाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतोय पण शौलाच्या चिलखताचा प्रसंग पटकन सोडून देतो. राजा स्वतःचं शिरस्त्राण त्याच्या डोक्यावर ठेवतो, चिलखत चढवतो, दावीद कमरेला तलवार बांधून दोन पावलं टाकून बघतो आणि सरळ सांगतो, मला याची सवय नाही, मग सगळं उतरवून ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे उचलतो. सिंहाच्या आणि अस्वलाच्या पंजातून ज्याने सोडवलं तोच आताही सोडवेल, हा त्याचा हिशोब. म्हणून म्हणतो, दुसऱ्याचं वॉर्मअप, दुसऱ्याची रेस स्ट्रॅटेजी अंगावर चढवू नकोस, देवाने तुला आजवर जिथून जिथून बाहेर काढलंय ते आठव, दुखापतीचं वर्ष आठव.

स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं तुला माहितीये, १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक, १०० मीटरच्या हीट्स रविवारी, म्हणजे प्रभूच्या दिवशी, म्हणून त्याने ती शर्यतच सोडली. पण मला जास्त आवडतो तो पुढचा भाग. ४०० मीटर ही त्याची खास शर्यत नव्हती, फायनलच्या दिवशी टीमच्या मालिशवाल्याने त्याला चिठ्ठी दिली, जो माझा आदर करतो त्याचा मी आदर करीन अशा अर्थाची, १ शमुवेल २:३० मधली, आणि हा सगळ्यात बाहेरच्या लेनमधून, पुढे-बाजूला कोणी दिसत नसताना, ४७.६ सेकंदांत जिंकला. अर्थात नुसत्या चिठ्ठीने कोणी धावत नाही, रविवारचं वेळापत्रक त्याला महिने आधी कळलं होतं आणि त्याने ४०० ची तयारी केली होती. पौलसुद्धा १ करिंथ ९ मध्ये शरीराला कह्यात ठेवण्याबद्दल बोलतो, तेव्हा ट्रेनिंग चुकवून वचनं पाठ करू नकोस.

आणि झोप रे बाबा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलिया पुढच्याच अध्यायात झुडपाखाली पडून मरण मागतो, आणि देवदूत काय करतो, उपदेश? नाही, उठ, खा म्हणतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. खाऊन पुन्हा झोपतो तरी रागावत नाही, परत उठवून खायला घालतो. तुझी निम्मी भीती थकव्याची असेल असं मला मनापासून वाटतं.

हीटची वेळ कळली की लगेच टाक, त्या वेळी मी तुझ्यासाठी प्रार्थनेत असेन. आणि रिझल्ट काही लागो, फोन मलाच आधी कर.

तुझाच,
मित्र